भूमिगत नळशोधन : कंधारी पद्धतीचा एक अभ्यास

जमिनीखाली पुरलेला पाण्याचा नळ शोधून काढणे हे मानवी इतिहासातील अशा थोड्या कामांपैकी एक आहे, ज्यात वस्तू लपवणारा पक्ष आणि ती शोधणारा पक्ष बहुधा एकच असतो. गुप्तधन पुरणारा माणूस निदान खुणेचा दगड ठेवतो, बीजक कोरवून घेतो आणि लोकसमजुतीप्रमाणे एखादा नागही राखणीला बसवतो; सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा नळ पुरणारी यंत्रणा मात्र चर बुजवते, वर मुरूम दाबते, मुरुमावर डांबर ओतते, मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण झाल्याची नोंद करते आणि निघून जाते. आठ-दहा वर्षांनी तीच यंत्रणा त्याच रस्त्यावर उभी राहून, नळ इथून नेमका कुठल्या बाजूने गेला असावा, याची चौकशी पानटपरीवर करू लागते. मोजमाप पुस्तिकेत नळाची लांबी, व्यास, खोदाईचे घनमीटर आणि देयकाची रक्कम ही सर्व माहिती बिनचूक असते, कारण तिच्यावर पैसे मिळतात; तो कुठे आहे ही माहिती नसते, कारण तिच्यावर मिळत नाहीत.

अशा प्रसंगी विज्ञान जे साधन पुढे करते, त्याला भूवेधी रडार म्हणतात. रडार म्हणजे रेडिओ लहरी सोडून, त्या एखाद्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून वस्तूचे अंतर ठरवणारे यंत्र. विमानतळावर ते आभाळाकडे तोंड करून असते, तर भूवेधी रडार जमिनीकडे तोंड करून चाकांच्या छोट्या गाड्यावर बसलेले असते आणि एक माणूस ते पुढे ढकलत नेतो. रेडिओ लहरींनी दूरचे जहाज ओळखणाऱ्या यंत्राचे पेटंट क्रिश्चियन ह्युल्समायर या जर्मन संशोधकाने १९०४ साली घेतले आणि अवघ्या सहा वर्षांनी, १९१० साली, गॉटहेल्फ लाइंबाख व हाइनरिख ल्योवी यांनी अशाच लहरींनी जमिनीत दडलेल्या गोष्टी शोधण्याचे पेटंट मिळवले. म्हणजे आभाळातून येणाऱ्या शत्रूच्या विमानाची धास्ती घेण्यापूर्वीच माणसाला पायाखाली काय आहे याचा घोर लागलेला होता. १९२९ साली डब्ल्यू. स्टर्न यांनी ऑस्ट्रियातील एका हिमनदीची जाडी या मार्गाने मोजली, त्यानंतर विषय पुष्कळ वर्षे पडून राहिला आणि १९७० नंतर यंत्रे विक्रीला आली. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ यानाने चंद्राभोवती फिरताना त्याच्या पृष्ठभागाखाली रडारने डोकावून पाहिले. अंटार्क्टिकातील व्होस्तोक सरोवर जवळजवळ चार किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली आहे आणि त्याचा सुगावा विमानातून सोडलेल्या रेडिओ लहरींनी लागला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स या फिरत्या गाडीलाही भूवेधी रडार बसवलेले आहे आणि ते तिथल्या जमिनीखालचे कित्येक मीटर खोलीपर्यंतचे थर दाखवते. हे सर्व पराक्रम येथे मुद्दाम नमूद केले आहेत, कारण पुढे कंधारच्या काळ्या मातीत याच यंत्राचे काय होते ते पाहायचे आहे.

यंत्राचे गणित अवघड नाही. जमिनीत शिरलेली लहर हवेतल्यापेक्षा हळू चालते आणि ती किती मंदावते हे मातीच्या पराविद्युत स्थिरांकावर, म्हणजे तो पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रमाणात पोटात साठवून घेतो त्या आकड्यावर, अवलंबून असते. हवेसाठी हा आकडा १, कोरड्या वाळूसाठी ३ ते ५, पाण्यासाठी सुमारे ८० आणि ओल्या चिकणमातीसाठी ती किती ओली आहे त्याप्रमाणे पंधरापासून चाळीसपर्यंत काहीही असतो. या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याने प्रकाशाच्या वेगाला भागले की लहरीचा जमिनीतला वेग मिळतो. स्थिरांक ९ असेल तर लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, १० सेंटिमीटर जाते आणि एक मीटर खोल जाऊन परत यायला तिला २० नॅनोसेकंद पुरतात. नगरपालिकेच्या पत्रव्यवहाराशी संबंध आलेल्या कोणत्याही कामात याहून लहान कालावधी आजवर नोंदला गेला नसावा. मात्र स्थिरांक ९ धरला आणि माती प्रत्यक्षात २५ ची निघाली, तर तेच २० नॅनोसेकंद एक मीटरऐवजी ६० सेंटिमीटर खोली दाखवू लागतात. कागदावर हा फरक किरकोळ आहे; टिकाव हातात घेतलेल्या मजुराला तो नळ फुटल्यावर कळतो.

दुसरी अडचण चित्राची आहे. रडारच्या पडद्यावर नळ दिसतो अशी सर्वसामान्य नागरिकाची, आणि काही वेळा निविदा मंजूर करणाऱ्या समितीचीही, समजूत असते. वास्तविक पडद्यावर दिसते ते गणितात ज्याला अपास्त म्हणतात ते वक्र, म्हणजे दोन्ही टोके खाली उतरलेली एखाद्या वयस्कर पाटलाची मिशी. लहर एका रेषेत सरळ खाली न जाता पसरत जात असल्यामुळे यंत्र नळाच्या अलीकडे असतानाच त्याचा पहिला प्रतिध्वनी लांबून येऊ लागतो, बरोबर डोक्यावर आल्यावर तो सर्वांत लवकर येतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा उशिरा येतो. या उशीर-लवकर-उशिराचा आलेख म्हणजे ती मिशी आणि तिच्या माथ्याखाली नळ. नळाला काटकोनात आडवे चालत गेले तरच मिशी उमटते, नळाच्या वरूनच लांबीने चालत गेले तर केवळ एक आडवी रेघ दिसते आणि ती मातीच्या थराचीही असू शकते. म्हणजे नळ कोणत्या दिशेने गेला आहे हे अगोदर ठाऊक असले, तर तो कुठे आहे हे यंत्र उत्तम सांगते. शिवाय मिशी केवळ नळालाच असते असे नाही. गोल धोंडा, झाडाचे जाड मूळ, बुजलेली मोरी, विजेची केबल, कधीकाळी खड्ड्यात टाकलेला पत्र्याचा डबा, ही सर्व मंडळी पडद्यावर त्याच थाटात हजर होतात आणि त्यांतली पाणीपुरवठ्याची कोणती हे ओळखण्यासाठी अनुभवी माणूस लागतो.

आता कंधार. नांदेडपासून सुमारे ५० किलोमीटरवर, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या तालुक्याच्या गावाखाली दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे, पाषाणावर त्याचाच झिजून झालेला मुरूम आहे आणि त्यावर जागोजाग ती काळी माती आहे, जिच्यावर मराठवाड्याचा कापूस आणि मराठवाड्याचा स्वभाव हे दोन्ही पोसले गेले. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज भरपूर असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरून माती फुगते, पाणी गेले की आकसते, आणि ओली असताना ती वीज चांगली वाहून नेते. वीज वाहून नेणारी माती रेडिओ लहरींची शत्रू असते, कारण लहरीची शक्ती मातीत प्रवाह निर्माण करण्यात खर्च होऊन तिची उष्णता होते आणि परत यायला काही उरत नाही. चार किलोमीटर बर्फ पार करणारे तत्त्व ओल्या काळ्या मातीत मीटरभरातच हात टेकते आणि नळ घालण्याची रीतीची खोली तर साधारण एक मीटर असते. कंधारकर जमीन यंत्राला अगदी नळाच्या उंबऱ्यापर्यंत येऊ देते आणि तिथून परत पाठवते.

यावर जाणकार असे सुचवतात की मग पाहणी उन्हाळ्यात करावी, कारण माती वाळली की तिची विद्युतवाहकता उतरते आणि लहर खोल जाते. सूचना शास्त्रशुद्ध आहे. पण उन्हाळ्यात काळ्या मातीला हात-हात खोल भेगा पडतात, प्रत्येक भेगेत हवा असते, हवा आणि माती यांच्या स्थिरांकांत मोठे अंतर असल्यामुळे प्रत्येक भेग स्वतंत्र प्रतिध्वनी देते आणि पडदा अशा प्रतिध्वनींनी इतका भरून जातो की त्यात नळ असलाच तर तो गर्दीत उभा असतो. याच फुगण्या-आकसण्यात नळाचे जोड दरवर्षी वर-खाली ओढले जातात आणि उकलतात. म्हणजे नळ फोडण्याचा गुन्हा जी माती करते, तीच तो कुठे फुटला याचा पुरावाही दाबून ठेवते. न्यायाच्या दृष्टीने हे नमूद केले पाहिजे की गावातल्या रस्त्यांखाली पुष्कळ ठिकाणी भरावाचा मुरूम असतो, तिथे रडारला बऱ्यापैकी दिसते आणि अशा ठिकाणी नळ कुठे आहे हे बहुधा सर्वांना आधीच माहीत असते.

मातीपेक्षाही मोठा अडथळा इतिहासाचा आहे. राष्ट्रकूटांच्या वैभवकाळात, विशेषतः तिसऱ्या कृष्णाच्या (इ. स. ९३९ ते ९६७) सुमारास भरभराटीला असलेले हे नगर, जगत्तुंगसागर हा तलाव त्याच परंपरेतला, क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे भग्न अवयव येथेच सापडलेले, आणि खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा सर्वांनी आळीपाळीने वापरलेला. ज्या गावाच्या पोटात हजार वर्षांच्या भिंती, पाये, विहिरी आणि मोऱ्या आहेत, तिथे भूवेधी रडारला काहीच न सापडण्याची भीती नसते, सगळेच सापडण्याची असते. पुरातत्त्वज्ञही हेच यंत्र वापरतात. फरक एवढाच की राष्ट्रकूटकालीन भिंतीच्या शोधात निघालेल्या पुरातत्त्वज्ञाला मध्येच आलेला पाण्याचा नळ हा व्यत्यय वाटतो आणि नळाच्या शोधात निघालेल्या अभियंत्याला राष्ट्रकूट व्यत्यय वाटतात. दोघांना एकाच दिवशी एकाच रस्त्यावर सोडले, तर एकाने टाकून दिलेली प्रत्येक मिशी दुसऱ्याच्या उपयोगी पडेल आणि पाहणीचा खर्च निम्म्यावर येईल. परंतु दोन खात्यांना एका दिवशी एका रस्त्यावर आणण्याचे तंत्र अद्याप विकसित झालेले नाही.

कंधारच्या जमिनीत हेतुपुरस्सर आणि योजनाबद्ध खोदाई झाल्याचा एक प्रसंग मात्र उत्तम रीतीने नोंदला गेला आहे. १६३१ साली शाहजहानचा सरदार नसीरीखान याने निजामशाहीच्या ताब्यातील या किल्ल्याला वेढा घातला, तटाखाली सुरुंग नेले आणि किल्ला घेतला. या वेढ्याचे पयाग या चित्रकाराने काढलेले चित्र पादशाहनाम्याच्या त्या प्रतीत आहे, जी आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात जपून ठेवलेली आहे. शत्रूने गाव पाडण्यासाठी केलेल्या खोदाईचे रंगीत चित्र उपलब्ध असावे आणि लोकांनी गावाला पाणी पाजण्यासाठी केलेल्या खोदाईचा साधा काळा-पांढरा नकाशाही कपाटात सापडू नये, हा अनुभव मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाला नवा वाटणार नाही. त्याचा अर्थ असा लावता येतो की मोगलांना देयक काढण्याची घाई नव्हती.

नळ कशाचा आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. जुने नळ बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. धातूवर रेडिओ लहर पूर्णपणे उलटते, त्यामुळे बिडाचा नळ रडारला ठसठशीत दिसतो आणि रडारहून कितीतरी स्वस्त अशा विद्युतचुंबकीय शोधकालाही सापडतो. हा शोधक धातूत प्रवाह सोडून त्याभोवती तयार होणारे चुंबकीय क्षेत्र टिपतो. बिडानंतर अॅस्बेस्टॉस सिमेंटचे नळ आले, मग पीव्हीसीचे, आणि अलीकडे पॉलिथिलीनच्या काळ्या वेटोळ्यांनी गावोगावचे रस्ते अडवले; २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरोघरच्या नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यामुळे या वेटोळ्यांची संख्या वाढली. प्लास्टिकचा नळ विद्युतचुंबकीय शोधकाला मुळीच दिसत नाही. रडारला तो बरा दिसतो, पण आत पाणी असताना, कारण पाण्याचा स्थिरांक ८० आणि भोवतालच्या मातीचा त्याहून पुष्कळ कमी; नळ रिकामा असला तर आतली हवाही प्रतिध्वनी देते, मात्र कोरड्या मातीत तो क्षीण असतो. आठवड्यातून एकदा पाणी सुटणाऱ्या गावात याचा अर्थ असा होतो की यंत्र भाड्याने आणण्याचा दिवस हा पाणी सुटण्याच्या दिवसाशी जुळवावा लागतो, आणि पाणी कोणत्या दिवशी सुटेल हे ओळखणारे यंत्र कोणत्याही देशाने बनवलेले नाही. परदेशात यावर तोडगा म्हणून प्लास्टिकच्या नळासोबत तांब्याची बारीक तार पुरतात, जेणेकरून पुढे शोधकाला तार सापडावी आणि तारेवरून नळ. ही कल्पना ज्यांना सुचली त्यांचा समाजाच्या सचोटीवरचा आणि भंगाराच्या भावाच्या स्थैर्यावरचा विश्वास थक्क करणारा आहे.

जिथे यंत्र थकते तिथे पाणाड्याला बोलावणे हा जुना शिरस्ता. बेचक्याच्या आकाराची ओली फांदी दोन्ही हातांत धरून किंवा तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालणारा आणि फांदी वाकली वा नारळ उभा राहिला की तिथे विहीर अथवा बोअर पाडायला सांगणारा हा गृहस्थ सुशिक्षितांच्या चेष्टेचा विषय असतो, विशेषतः स्वतःच्या शेतात त्याला बोलावून झाल्यानंतर. ही मागास भागातली समजूत आहे असे मानणाऱ्यांनी पुढील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९८७-८८ मध्ये जर्मन सरकारच्या पैशाने म्युनिकजवळ एका कोठारात पाणाड्यांची परीक्षा घेण्यात आली. तळमजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर ठेवून पाहिजे तिथे सरकवला जाई आणि वरच्या मजल्यावर चालणाऱ्या पाणाड्याने तो नेमका कुठे आहे हे सांगायचे, अशी योजना होती. सुमारे ५०० उमेदवारांतून ४३ जण निवडले गेले, ८४३ चाचण्या झाल्या, प्रयोग करणाऱ्यांना त्यांतल्या काही मोजक्यांत कसब दिसले आणि १९९९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे तपासून दाखवले की कोठाराच्या मध्यभागी बोट ठेवून सदैव तीच जागा सांगितली असती तरी निकाल साधारण तितकाच लागला असता. एवढे झाल्यावरही २०१७ साली एका ब्रिटिश संशोधिकेने तिथल्या १२ पाणीपुरवठा कंपन्यांना विचारणा केली, तेव्हा १० कंपन्यांकडून उत्तर आले की आमचे काही कर्मचारी अजूनही वाकवलेल्या तारा हातात धरून नळ आणि गळत्या शोधतात. कंधारच्या पाणाड्याला ही बातमी कोणी कळवली असेल असे वाटत नाही. कळवली असती तर त्याने दर वाढवला असता.

या गोंधळात शिस्त आणण्यासाठी अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ साली एक मानक प्रसिद्ध केले आणि भूमिगत वाहिन्यांच्या माहितीच्या विश्वासार्हतेचे चार दर्जे ठरवले. सर्वांत खालचा दर्जा ‘डी’, म्हणजे जुन्या नोंदी आणि माणसांच्या तोंडी आठवणी. त्यावर ‘सी’, म्हणजे रस्त्यावर दिसणारी झाकणे, चेंबर, व्हॉल्व्ह यांची मोजणी करून नोंदींशी घातलेला मेळ. त्यावर ‘बी’, म्हणजे रडार वा तत्सम यंत्राने केलेली पाहणी. आणि सर्वोच्च दर्जा ‘ए’, म्हणजे खड्डा खोदून नळ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे. मानवजातीने चंद्र, मंगळ आणि अंटार्क्टिका रडारने धुंडाळल्यानंतर विद्वानांच्या समितीने विचारपूर्वक जो निष्कर्ष काढला, तो असा की खात्री हवी असेल तर खोदून पाहावे. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातील कंत्राटदार या निष्कर्षापर्यंत कोणत्याही समितीच्या मदतीशिवाय पूर्वीच पोहोचलेले आहेत, आणि मधले दोन दर्जे ओलांडून ते थेट ‘ए’ पासून कामाला सुरुवात करतात. अमेरिकी मानकात ‘ए’ दर्जासाठी हवेच्या झोताने माती हळूच मोकळी करून ती ओढून घेणारे, नळाला धक्का न लावणारे यंत्र अपेक्षित असते. आपल्याकडे जेसीबी असते.

जेसीबीने नळ शोधण्याची पद्धत अचूकतेच्या बाबतीत अजोड आहे. तिच्यात प्रतिध्वनीचा अर्थ लावावा लागत नाही, स्थिरांक लागत नाही आणि शोध लागल्याची वार्ता दोन-तीन पुरुष उंचीच्या कारंज्याने संपूर्ण पेठेला एकाच वेळी कळते. खोली, दिशा, व्यास आणि पाण्याचा दाब ही चारही मापे एका फटक्यात मिळतात, आणि आज पाणी सुटले आहे ही पाचवी माहिती वर. अशा वेळी जमणारी गर्दी केवळ बघ्यांची नसते. घागरी, कळश्या, प्लास्टिकच्या कॅन आणि निळे ड्रम ज्या वेगाने तिथे अवतरतात त्यामागे या भागाचा अनुभव आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी देण्यासाठी मिरजेहून ‘जलदूत’ ही रेल्वेगाडी सोडावी लागली होती आणि तिच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आले. रुळांवरून आलेल्या त्या पाण्याच्या लिटरालिटरचा हिशेब देशभर छापून आला. जमिनीखालच्या उकललेल्या जोडातून दररोज मुकाट्याने झिरपणाऱ्या पाण्याला मात्र अशी प्रसिद्धी कधीच लाभत नाही.

राहिला दर्जा ‘डी’. अमेरिकी मानकाने ज्याला तोंडी आठवण म्हणून तळाशी बसवले, तो आपल्याकडे नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन असतो आणि गाव त्याला ‘व्हॉलमन’ म्हणते. हातात लांब दांड्याची लोखंडी चावी, सायकल किंवा जुनी मोपेड, आणि डोक्यात गावाखालचे संपूर्ण जाळे, एवढ्या सामग्रीवर तो कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी द्यायचे ते ठरवतो. त्याच्या या अधिकाराची जाणीव नगरसेवकांना असते आणि म्हणून ते त्याच्याशी जपून बोलतात. गळती शोधण्याची त्याची रीत जगभरच्या पाणीपुरवठा खात्यांत मान्यता पावलेली आहे: रात्री रहदारी थांबल्यावर लोखंडी गजाचे एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरे कानाशी धरायचे, की दाबाखाली बाहेर पडणाऱ्या पाण्याची सरसर गजातून ऐकू येते. याच तत्त्वावर चालणारी मायक्रोफोनची महाग यंत्रेही मिळतात, पण त्यांना घरी जाऊन जेवायचे नसल्यामुळे कर्मचारी संघटनेच्या दृष्टीने ती बाद ठरतात.

व्हॉलमनच्या ज्ञानातला एकच दोष असा की त्याची मोजपट्टी जमिनीवरच्या वस्तूंना बांधलेली असते. “लिंबाच्या झाडापासून दीड हात अलीकडं, मग मामांच्या वाड्याच्या कोपऱ्यापस्तोर सरळ, तिथून निस्ता वळला बगा,” असे तो जेव्हा सांगतो, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा असतो. मात्र लिंब रस्ता रुंदीकरणात गेलेला असतो, वाडा पाडून तिथे मंगल कार्यालय झालेले असते आणि मामा पुण्याला मुलाकडे असतात. रडारच्या अहवालात अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत असतात, पण त्यांत मामा नसतात, त्यामुळे व्हॉलमनचा त्या अहवालावर विश्वास बसत नाही.

पूर्वीच्या लोकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता, हे मान्य करावे लागते. ज्या निजामशाहीकडे कंधारचा किल्ला होता, तिचाच वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराकडचे पाणी भूमिगत नहरीने आणले आणि नहर-ए-अंबरी शतकानुशतके चालली. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून पुण्यात आणले आणि वाटेत ठिकठिकाणी नळातली हवा बाहेर जाण्यासाठी उच्छ्वास, म्हणजे जमिनीच्या वर डोके काढणारे दगडी मनोरे, बांधले. उच्छ्वासांचा हेतू दाबाचा होता, पण त्यांची ओळ पाहिली की खालचा नळ कुठून जातो हे शाळकरी पोरालाही कळावे, ही सोय त्यात आपोआप होती. आज नळाच्या मार्गावर असे मनोरे उभारले तर पहिल्या महिन्यात त्यांवर वाढदिवसाचे फलक लागतील आणि दुसऱ्या महिन्यात त्यांतल्या एकाला शेंदूर लागेल, हे खरे. परंतु शेंदूर लागलेला दगड हलवण्याची कोणत्याही खात्याची प्राज्ञा नसल्यामुळे नळाचा पत्ता कायमचा सुरक्षित राहील, आणि या उपायाचा गंभीरपणे विचार व्हावा असे प्रस्तुत अभ्यासाचे मत आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे मोबाइल अॅप सुरू केले. खोदाई करणाऱ्याने आधी त्यावर जागा कळवावी, तिथे केबल किंवा नळ असणाऱ्या संस्थांना सूचना जावी आणि त्यांनी सावध करावे, अशी ही योजना आहे आणि तिच्यामागचा विचार चोख आहे. तिचे यश मात्र दोन गृहीतकांवर उभे आहे: खोदणाऱ्याला खोदण्यापूर्वी विचारावेसे वाटले पाहिजे आणि ज्याला विचारले त्याला उत्तर ठाऊक असले पाहिजे. परदेशात उत्तर मिळाले की ते रस्त्यावर रंगाने रेखाटण्याचाही प्रघात आहे. अमेरिकेत पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा, दूरध्वनीच्या तारांना केशरी, विजेला तांबडा आणि गॅसला पिवळा रंग ठरलेला आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या भर चौकात रातोरात निळी रेघ एका आळीकडे, हिरवी दुसरीकडे आणि केशरी तिसरीकडे वळलेली दिसली, तर सकाळी सर्वप्रथम तिथे पाणीपुरवठा अभियंता न पोहोचता पोलीस निरीक्षक पोहोचेल आणि शांतता समितीच्या बैठकीत नळाची खोली हा विषय शेवटपर्यंत निघणार नाही. तेव्हा आपल्याकडे चुन्याची पांढरी फक्कीच बरी. ती कोणाचीच नसते आणि पहिल्या पावसात धुऊन जाते.

एवढ्या सगळ्यातून पार पडून एखाद्या गावात रडारची पाहणी होतेच. गाडा चार दिवस फिरतो, पोरे मागे फिरतात, त्यात सोने दिसते का असे वडीलधारी माणसे हळूच विचारून जातात आणि यथावकाश गुळगुळीत कागदावर छापलेला, प्रत्येक मिशीला क्रमांक दिलेला अहवाल कार्यालयात दाखल होतो. त्यानंतर जेव्हा केव्हा गळती निघते, तेव्हा कंत्राटदार अहवाल जीपमध्ये ठेवतो, जेसीबी चौकात उभी करतो आणि सवयीप्रमाणे व्हॉलमनला बोलावून घेतो. व्हॉलमन अहवाल हातात घेतो, नकाशा उलटा धरून पाहतो, मग सुलटा धरतो, हे कधी मोजले म्हणून विचारतो आणि दोन वर्षे झाल्याचे कळल्यावर अत्यंत आदराने तो परत करतो. “बरोबर हाय सायेब, सगळं बरोबर हाय. पण त्याच्यानंतर गटाराच्या कामात लाईन पलीकडं सरकवली की हो.”